पूल पार्लरमधली पैशाची गेम: धंद्याला टेकू की सुरुंग?

हिरवं_कापड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी लिहितोय.

पुण्याच्या पश्चिमेला एका कॉलेजजवळ बेसमेंटमध्ये माझं आणि मावसभावाचं पार्लर आहे. चार पूल टेबलं, दोन स्नूकर. पूलला तासाला १६०, स्नूकरला २२०. भाडं ८५ हजार. वर वीज, एसी, दोन पोरांचे पगार, आणि टेबलांवरचं कापड बदलायचं दुखणं वेगळंच. शनिवार-रविवारी टेबल मिळत नाही. सोमवार ते गुरुवार मी आणि मार्कर (टेबल सांभाळणारा पोरगा) एकमेकांची तोंडं बघत बसतो.

गेले चार महिने सहा-सात जणांचा एक गट आठवड्यातून चार रात्री येतो. चार नंबरचं टेबल, आठ ते बारा. सुरुवातीला हरेल त्याने टेबल (म्हणजे टेबलाचं भाडं) भरायचं एवढंच होतं, ते सगळीकडेच चालतं. मग शंभराची गेम झाली. आता पाच गेमच्या रेसला (आधी पाच जिंकेल तो जिंकला) दोन-तीन हजार सहज लागतात.

माझा हिशोब असा: आठवड्याला १६ तास, म्हणजे महिन्याला टेबलाचे ११ हजारांच्या आसपास. चहा-मॅगी-कोल्ड्रिंकचे आणखी चारेक हजार. भाऊ म्हणतो, १५ हजार म्हणजे भाड्याचा सहावा हिस्सा, तू डोळे मिटून घे. मला डोळे मिटले तरी झोप लागत नाही.

ज्यांनी पार्लर चालवलंय किंवा पोटभर खेळलंय त्यांनी सांगा, पैशाच्या गेममुळे खरंच खेळणारे वाढतात का? धंदा टिकतो का? नैतिकतेवरची चर्चा नको, ती घरी जेवताना रोज होते.

लोकल_स्लो

धागा वर ठेवा, जिव्हाळ्याचा विषय आहे.

मी ९४-९५ साली दादर-परळ पट्ट्यात खेळायला लागलो. तेव्हा स्नूकर टेबलावर 'सेंच्युरी' चालायची. चार-पाच जण उतरायचे, ज्याचे शंभर झाले तो सुटला, शेवटी उरेल त्याने सगळ्यांचं टेबल भरायचं. महिनाभर मीच उरायचो. पॉकेटमनी संपला, मग लोकलचा पास काढायचे पैसे संपले. मी खेळायला शिकलो तो निव्वळ टेबल भरायला पैसे नव्हते म्हणून! कोचिंग वगैरे सगळं नंतरचं.

त्यामुळे जुगार नको म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, फुकटच्या गेममध्ये शेवटचा काळा बॉल पॉट करताना हात थरथरतो का? नाही ना? मग परत यायचं कशाला? खिशाला थोडी झळ बसली की माणूस दुसऱ्या दिवशी बदला घ्यायला येतो. माझं मत: चालू दे. रक्कम आवाक्यात ठेव, बस.

पेठेतला_मोरू

शीर्षक वाचून वाटलं पूल म्हणजे म्हात्रे पूल. आत आलो तर वेगळाच जुगार. (म्हात्रे पुलावर संध्याकाळी सहा वाजता गाडी घालणं हाही जुगारच आहे म्हणा.)

माजी_मालक

मोरू, हसून हसून पुरेवाट.

धागाकर्ते, तुमच्या जागी मी होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी माझं पाच टेबलांचं पार्लर होतं, आठ वर्षं. आज तिथे मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे.

माझ्याकडे वही होती. रोज किती टेबल-तास गेले ते मी लिहायचो. पैशाची गेम सुरू व्हायच्या आधी रोज सरासरी २६ तास. सुरू झाल्यावर पहिले तीन महिने ३१. मी खूश, बायकोला गळ्यातलं केलं. वर्षाने तोच आकडा १७ वर आला. मधल्या काळात नवं पार्लर उघडलं नव्हतं, दर वाढवले नव्हते. मग झालं काय?

पहिली गोष्ट म्हणजे सोफा. मोठी गेम लागली की आठ-दहा जण बघायला बसायचे. गर्दी दिसायची, पण ती सोफ्यावर. शेजारची तीन टेबलं रिकामी, कारण कुणालाच आपली साधी गेम लावून समोरचा तमाशा चुकवायचा नव्हता. शिवाय पैसे लागले की माणूस खेळत कमी आणि विचार जास्त करतो. टेबलाभोवती फेऱ्या, खडू घासणं, बाहेर जाऊन सिगरेट. टेबल तासावर असल्याने तेवढं माझ्या पथ्यावर पडायचं खरं, पण ते एकच टेबल.

दुसरी गोष्ट म्हणजे मासे, म्हणजे गळाला लागणारे कच्चे खेळाडू, संपतात. आमच्याकडे तिघं पक्के होते. नवा पोरगा आला की मुद्दाम ढिलं खेळायचे, दोन गेम सोडायचे, मग रक्कम वाढवून सोलायचे. सोललेला पोरगा चार वेळा येतो, पाचव्यांदा येत नाही. आणि तो एकटा जात नाही, त्याचे मित्रही जातात. हा पोरगा पुढची पाच वर्षं आठवड्याला दोन तास खेळला असता. त्याच्या पाच वर्षांचं टेबल त्या तिघांनी दोन महिन्यांत खाल्लं, आणि माझ्या हाती त्यातलं फक्त त्या आठ तासांचं भाडं आलं.

लोकल_स्लो म्हणतात तसे बदला घ्यायला येणारे असतात. पण ते तुमच्यासारखे, ज्यांच्यात खेळ आहे ते. दहातला एक.

लोकल_स्लो

माजी_मालक, वहीचा आकडा मान्य. पण तुमच्याकडे पक्के लोक आले कारण तुम्ही रक्कम वाढू दिलीत. आमच्या सेंच्युरीत जास्तीत जास्त नुकसान म्हणजे चार जणांचं टेबल. त्याला कोण वस्ताद यायला बसलाय?

वकिलीण

कायद्याचं थोडं. (हा सल्ला नाही, सल्ल्याची फी वेगळी.)

आपल्याकडे १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आता नावात 'महाराष्ट्र' आलंय. कलम ४ जुगाराचा अड्डा चालवणाऱ्यासाठी, कलम ५ तिथे सापडणाऱ्यासाठी. आणि सगळे ज्याच्या आड उभे राहतात ते कलम १३: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. पूल आणि स्नूकर कौशल्याचेच खेळ, त्यावर कुणी वाद घालणार नाही.

पण इथे दोन फाटे फुटतात. सोफ्यावर बसून 'लाल शर्टवाल्यावर पाचशे' म्हणणाऱ्याचं कौशल्य कोणतं? कायद्यातल्या जुगाराच्या व्याख्येत पैज लावणंही येतं. दुसरं, १९६८ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि क्लबवाले सुटले. तो निकाल लोक अर्धाच सांगतात. पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक नफा कमावत असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असंही त्यात म्हटलंय. टेबलाचं नेहमीचं भाडं घेणं वेगळं आणि लागलेल्या पैशातून हिस्सा घेणं वेगळं.

आणि भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार शून्यवत. हरलेल्याने पैसे दिले नाहीत तर कोर्ट वसूल करून देत नाही. मग वसुली कशी होते ते माजी_मालकांना विचारा.

हरेल त्याने टेबल भरायचं, एवढ्यावरून कुणावर खटला झालेला माझ्या पाहण्यात नाही.

माजी_मालक

वकीलताई, वसुलीची गोष्ट सांगतोच.

आठ हजारांची उधारी होती. जिंकलेल्याने माझ्यासमोर हरलेल्याची मोटरसायकल अडकवून ठेवली. माझ्या पार्किंगमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याचा थोरला भाऊ चार जणांना घेऊन आला, दोन क्यू (खेळायच्या काठ्या) मोडले, स्नूकरच्या टेबलाचं कापड हातभर फाटलं. ते मारामारीत नाही फाटलं, एकजण पळून जाताना टेबलावर चढला म्हणून. त्यानंतर पोलिसांची गाडी आठवड्यातून दोनदा 'सहज' यायला लागली. माझ्यावर केस झाली नाही. गरजच पडली नाही. गाडी दाराशी दिसल्यावर कॉलेजची पोरं गल्लीतूनच वळायची.

आता आमच्याकडचा जुना शब्द सांगतो, नाल. अड्ड्यावर प्रत्येक डावातून मालक जो हिस्सा काढतो तो. पत्त्यांचा क्लब चालतो तो नालेवर. मटका चालला तो बुकीच्या हिश्शावर. पार्लरचा मालक नाल घेत नाही, म्हणून टेबलावर ५०० लागले काय आणि ५० हजार लागले काय, त्याला तासाचे १६०च. आणि नाल घ्यायला लागला तर तो पार्लरवाला राहत नाही, अड्डेवाला होतो, मग ताईंचं कलम ४. म्हणजे न घ्यावी तर फायदा शून्य, घ्यावी तर आत. मला हे कळायला एक दुकान लागलं.

मांडवीकाठी

नालेचा मुद्दा चोख. आमच्या पणजीत बोटींवर कसिनो आहेत ते त्यावरच तरंगतात, पाण्यावर नव्हे. तिथे दर खेळात गणितच घराच्या बाजूने असतं. आणि गंमत म्हणजे १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना आत प्रवेश नाही. आपल्या माणसांना सोलू नये एवढं सरकारलाही कळतं. पार्लरला तर सोलायला आपलीच माणसं!

बोटीवरचा

मर्चंट नेव्हीत होतो. मनिलात उतरलो की आधी पूल हॉल. तिथे पैसे लावल्याशिवाय कुणी क्यू उचलत नाही, आणि तरी हॉल भरलेले. त्यामुळे 'जुगाराने हॉल मरतो' हे सरसकट पटत नाही.

एफ्रेन रेयेस हा तिथला देव. मामाच्या पूल हॉलमध्ये वाढला, लहानपणी टेबलावरच झोपायचा. १९८५ साली अमेरिकेत ह्यूस्टनला 'सेझर मोरालेस' असं खोटं नाव सांगून खेळला आणि तीन आठवड्यांत ८० हजार डॉलर घेऊन गेला असं सांगतात. १९९९ ला कार्डिफमध्ये नाइन बॉल या पूलच्या प्रकाराचा विश्वविजेता. पैशाच्या गेमशिवाय असा माणूस घडतो का?

केंटकीकाका

बोटीवरचा, रेयेस घडला हे खरं, पण ह्यूस्टनच्या त्या हॉलमध्ये ज्यांचे ८० हजार गेले त्यांच्यापैकी किती जण पुढच्या महिन्यात खेळायला आले असतील? खेळाडू घडणं आणि हॉल टिकणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि धागाकर्त्यांनी दुसरा विचारलाय.

मी २२ वर्षं अमेरिकेत, केंटकीतल्या लुईव्हिलला आहे. इथला पूल जुगाराच्या दंतकथांवरच वाढला. १९६१ आणि १९८६ ला पैशावर पूल खेळणाऱ्यांवर हॉलिवूडचे दोन चित्रपट आले, दोन्हींत पॉल न्यूमन, आणि दोन्ही वेळा देशभर हॉलची लाट आली. पण ती लाट जुगारी लोकांची नव्हती. पडद्यावर बघून 'आपणही खेळू' म्हणणाऱ्या साध्या माणसांची होती. लाट ओसरली तेव्हा तीच आधी गेली.

त्याच १९६१ साली इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटी नावाच्या खाणवाल्या छोट्या गावात जान्स्को बंधूंनी हसलर (पैशावर खेळून इतरांना सोलणाऱ्या) लोकांचं संमेलन भरवायला सुरुवात केली. दिवसा स्पर्धा, रात्रभर पैशाची गेम. टीव्हीवाले आले, गावाचं नाव झालं. १९७२ ला केंद्रीय पोलिसांची धाड पडली आणि खेळ खलास. अकरा वर्षं. धागाकर्ते, तुमच्या भावाला हे सांगा: जुगाराने नाव होतं, आणि ते नाव पोलिसांपर्यंतही जातं.

अवांतर: इथे स्पर्धेआधी खेळाडूंचा लिलाव होतो. प्रेक्षक बोली लावून खेळाडू 'विकत' घेतात, सगळे पैसे एकत्र जमतात आणि वरच्या नंबरांत आलेल्यांच्या 'मालकांना' वाटले जातात. त्याला काय म्हणतात माहितीये? कॅलकटा! आपल्या कलकत्त्याच्या टर्फ क्लबच्या लॉटरीवरून. केंटकीच्या कुठल्याशा बारमध्ये टोपीवाला गोरा 'कॅलकटा कधी आहे?' विचारतो तेव्हा मला रेल्वेचं टाइमटेबल आठवतं.

लोकल_स्लो

काका, दंडवत. मग तिकडचे हॉल टिकले कशावर?

केंटकीकाका

बिअर आणि लीग. बिअर तुम्हाला जमणार नाही, लीग जमेल.

१९७९ च्या सुमारास टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी इथे हौशी लोकांची लीग काढली. तीच पुढे एपीए (अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन) झाली. खेळाडूला त्याच्या खेळाप्रमाणे पायरी देतात, एट बॉल या पूलच्या प्रकारात २ ते ७. सातवाल्याला दोनवाल्याविरुद्ध जास्त गेम जिंकाव्या लागतात. आणि 'तेवीसचा नियम': त्या रात्री संघातून जे पाच खेळतील त्यांच्या पायऱ्यांची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. म्हणजे सगळे पक्के एका संघात घालताच येत नाहीत. प्रत्येक संघाला दोन-तीन कच्चे खेळाडू लागतातच. समजलं? जो मासा पैशाच्या गेममध्ये सोलला जातो, त्यालाच लीगमध्ये लोक घरून घेऊन येतात!

शिवाय लीग असते मंगळवारी, बुधवारी. नेमकी तुमची मोकळी रात्र.

लीगमध्येही लबाडी चालते. पायरी खाली राहावी म्हणून मुद्दाम हरणारे महाभाग आहेत. इथे भांडणं होतात ती त्यावरूनच. पण मोटरसायकल कुणी अडकवत नाही.

वाचनमात्र_आई

मुलगा १५ वर्षांचा, राज्य पातळीवर स्नूकर खेळतो. एक वेगळी बाजू.

विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. १९५८ साली कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स जिंकून वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय झाले. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, वाढला बंगळुरात. स्नूकर हा खेळच १८७५ ला जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला असं मानतात. इतकं सगळं आपल्याच अंगणातलं, आणि तरी मी सासरी 'मुलगा स्नूकर खेळतो' म्हटलं की सासूबाई आवाज खाली आणतात.

मुलाला सरावाला जागा शोधताना मी अकरा पार्लरं पाहिली. जिमखान्यांची टेबलं उत्तम, पण सदस्यत्व आमच्या आवाक्यातलं नाही. पार्लरमध्ये मी दारात उभी राहून दोनच गोष्टी बघते: आत आवाज कसला येतोय आणि बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का. नऊ ठिकाणी दुसरं उत्तर 'नाही' होतं. धागाकर्ते, तुमच्याकडे आहे का?

माझा मुलगा आठवड्याला दहा तास खेळतो, दुपारी, जेव्हा तुमची टेबलं रिकामी असतात. २२० ने महिन्याचे किती झाले ते काढा. आणि चार नंबरच्या टेबलावर नोटा मोजताना दिसल्या तर मी पायरीही उतरणार नाही.

पेठेतला_मोरू

काकू, काढले. साधारण साडेनऊ हजार. एकटा मुलगा. सात जणांच्या गटाचे १५. दोन मुलं धरली की गट मागे पडतो. (शाळेत गणितात नापास होतो, नोंद घ्यावी.)

बोटीवरचा

काकूंचा मुद्दा मान्य. मनिलाची गोष्ट वेगळी, तिथे आईही टेबलावर पैसे लावते.

लोकल_स्लो

व्यावसायिक पातळीवर तर सट्ट्याने वाट लावलीच आहे. २०२३ ला दहा चिनी स्नूकरपटूंवर निकालनिश्चितीवरून बंदी आली, त्यातल्या दोघांवर आजन्म. ते मी नाकारत नाही. पण हिरवं_कापड, हरेल-तो-टेबल-भरेल हे बंद करू नकोस रे बाबा. तेवढी झळ हवीच. तिच्याशिवाय पूल म्हणजे नुसती लाकडाची ढकलाढकल.

संपादक

'आमच्या भागात कुठे गेम चालते' हे सांगणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. पत्ते देऊ नयेत. चर्चा चालू द्या.

हिरवं_कापड (धागाकर्ता)

सात आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल क्षमस्व. वहीचं मनावर घेतलं आणि रोजचे तास लिहायला लागलो.

आधी कबुली. माजी_मालक सोफ्याबद्दल म्हणाले तेच माझ्याकडे होत होतं, मला दिसत नव्हतं. मोठी गेम असलेल्या रात्री एक ते तीन नंबरची टेबलं मिळून सरासरी अडीच तास गेले. नसलेल्या रात्री पाच.

त्या गटाशी बोललो. टेबल भरण्यापलीकडे पैसा टेबलावर, खिशात, मोबाइलवर, कुठेच दिसता कामा नये म्हणालो. एक जण म्हणाला, 'भाऊ, गूगल पे तुला कुठे दिसतंय?' बरोबर आहे, नाही दिसत. पण चेहरे दिसतात. चार जण गेले, दुसरीकडे खेळतात. तिघं राहिले. भाऊ दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

मंगळवारी लीग सुरू केली. काकांचा तेवीसचा नियम आमच्याकडे चौघांच्या संघाला अठरा केला. पहिल्या मंगळवारी नऊ जण आले, त्यातले दोन माझे चुलतभाऊ. काल एकवीस. पायऱ्यांवरून भांडण झालं, एका संगणक अभियंत्याने एक्सेल शीट काढून दाखवलं की त्याला ५ नव्हे ४ मिळायला हवेत. मी ५च ठेवला. राहिलेल्या तिघांपैकी एक ७ वर आहे आणि त्याला प्रत्येक संघ मागतोय, पण बेरजेत बसवता येत नाही म्हणून चिडतोय.

पैशाचं खरं सांगतो: पहिला महिना गल्ला नऊ हजारांनी खाली होता. हा महिना दोन हजारांनी खाली आहे. वर अजून आलेला नाही.

वाचनमात्र_आई, तुमचा प्रश्न वाचून तेव्हा उत्तर दिलं नाही कारण लाज वाटली. जिन्याखाली स्टोअर रूम आहे, तिथे मोडके क्यू ठेवलेत. मालकाची परवानगी कालच मिळाली. प्लंबर शुक्रवारी येतोय, म्हणजे सोमवार धरा.